ताईला आणायला कोण जाणार

रविवार, ८ मार्च

आणि ‘अंक आहे’ हे कारण आता जुनं झालं, ताई. होळीला अंक, दिवाळीला अंक, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अंक. तीन महिन्यांनी एक निघतो असं तूच सांगितलं होतं. मग तो नेमका आमच्या प्रत्येक सणावर येऊन कसा बसतो? पंचांग बघून काढता का तुम्ही लोक?

हे मी फोनवर बोललो नाही. फोनवर म्हणालो, “बरं, तब्येत सांभाळ.” भांडण मला फोन ठेवल्यावर सुचतं, पहिल्यापासून. ही वहीसुद्धा तिनंच लिहायला लावली. म्हणाली होती, हेम्या, रोज दोन ओळी लिही, डोकं मोकळं होतं. तर ह्या घे दोन ओळी. यंदाच्या आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणार की नाही, ते ती सांगत नाही. “बघते” म्हणते. दिल्लीत राहून ‘नाही’ म्हणायचं ती विसरली आहे.

बुधवार, ११ मार्च

लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, एक सोय आहे. आवाज इतका, की माणूस शेजारी उभा राहून शिव्या देत असला तरी कळत नाही. मी दिवसभर ताईशी मोठमोठ्यानं भांडतो. तार तुटली की थांबतो, गाठ मारतो, पुन्हा चालू.

पण आज सुकलाल आप्पांनी पकडलं. ते माझ्या पाठीमागच्या चार मशिनींवर आहेत आणि इथं सुरतला, डिंडोलीत आमची खोलीही एकच. वीस वर्षं खात्यात काढली, कान गेले, पण ओठ बघून सगळं ओळखतात. चहाला बाहेर आलो तर म्हणाले, “आज काय, दिल्ली का?”

“हो.”

“काय करते रे तुझी बहीण नक्की? नोकरी काय?”

मी सांगितलं, आपल्या देशानं दुसऱ्या देशांशी कसं वागावं यावर एक मोठं त्रैमासिक निघतं, इंग्रजीत. ताई त्याची संपादक आहे.

आप्पा चहा फुंकत म्हणाले, “म्हणजे रशियाशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक, अन् तुझ्याशी बोलायला टाइम नाही.”

बाकीचे हसले. मीही हसलो. मग मशिनीवर जाऊन आप्पांशी भांडलो, पण तोंड फिरवून.

शनिवार, १४ मार्च

खरं तर मला तिचं काम नीट सांगता येत नाही. आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. त्यानंतर मी हजीऱ्याला ठेकेदाराकडे राहिलो, एम्ब्रॉयडरीवर राहिलो, साड्यांची पार्सलं बांधली, दोन लूमखाती बदलली. एका जागी पाय टिकत नाही. ताईचं उलटं. एकच रस्ता धरला आणि त्यावरच चालत राहिली. गावची शाळा, धुळ्याचं कॉलेज, मग दिल्ली. तिथं आपल्या शेजारच्या लहान लहान देशांशी आपण काय करार केले, ते कुठं पाळले, कुठं मोडले, यावर सहा वर्षं अभ्यास केला आणि डॉक्टर झाली. गावात कुणीतरी आजीला घेऊन तिच्याकडे तपासायला आलं होतं. ताईनं आजीला चहा दिला आणि सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन गेली.

मग त्रैमासिकात लागली. पहिल्यांदा नुसतं तपासायचं काम. निवृत्त झालेले राजदूत लेख पाठवायचे, ती त्यांची वाक्यं सरळ करायची. मी विचारलं होतं, एवढ्या मोठ्या लोकांची वाक्यं वाकडी कशी असतात? म्हणाली, “सगळी नसतात. पण ‘ऐतिहासिक मैत्री’ असं कुणी लिहिलं की मी पेन उचलते. मैत्री असली तर काय केलं ते लिहा म्हणते.” असं तीस-तीस पानं खोडता खोडता ती संपादक झाली. आतल्या पानावर सगळ्यात वर तिचं नाव छापून येतं. अंक ती मला टपालानं पाठवते. मला वाचता येत नाही, पण नाव वाचता येतं.

तिच्या पुस्तकात माझंही नाव आहे, पहिल्या पानावर, आभार मानलेत त्यात. मी काय केलं कोण जाणे. ती दिल्लीला गेली तेव्हा मी चौथीत होतो. घरी मागच्या खोलीत तिनं जगाचा नकाशा चिकटवला होता आणि ती अभ्यास करायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून समुद्र मोजायचो. ती एका हातानं पान उलटायची, एक हात माझ्या केसांत. आई शेतावर. मला वाढवलं ते ताईनंच. मग एका जूनमध्ये ती गेली आणि केसांतला हात गेला.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा

दुपारी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला! एरवी दुपारी कधी उचलत नाही, ऑफिसात असते. मी म्हणालो, ऑफिसला सुट्टी? म्हणाली, “आज घरीच आहे.” मागं कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती.

“ओरडतोस का रे? रागावलायस?”

“नाही ताई, खात्यातले सगळे असेच बोलतात.”

मग बराच वेळ बोलली. मी जेवतो त्या सरलामावशीच्या मेसला जेवणाचे किती घेतात, खोलीचं भाडं किती, डिंडोलीत बायका नोकरी करतात का, कुठली. तिला अशा गोष्टींत कधी रस नव्हता. शेवटी विचारते, “आपल्या मागच्या खोलीत कुणी राहतं का आता?”

“नाही. आईनं कांदे ठेवलेत.”

“गळते का अजून?”

“कोपऱ्यात थोडी.”

“अच्छा,” म्हणाली.

संध्याकाळी आईला गावी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “हिस्सा मांगस का ती?”

“अगं, नुसतं विचारलं तिनं.”

“नुसतं कोनी इचारत नही, भाऊ. शेजारना गणपतना बहिनीनी बी पहिले खोलीच इचारी व्हती. मंग वकील उना. तू ध्यान ठेव.”

मला आईचा राग आला, आणि मग आईचं पटलंही. ह्याचाच जास्त राग आला.

शुक्रवार, २७ मार्च

ताई घर बदलते आहे. आधीचं दोन खोल्यांचं होतं, आता एकच खोली, लांब कुठंतरी. म्हणते, “एकटीला कशाला हवंय एवढं.” पुस्तकांची दोन कपाटं विकली. पुस्तकं काही एका कॉलेजला दिली, काही खोक्यांत भरून मैत्रिणीकडे. टेबलपण दिलं.

मी हे आप्पांना सांगितलं. आप्पा दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, “फॉरेन.”

“काय फॉरेन?”

“अरे, माणूस कपाट कधी विकतो? फॉरेनला चालली तुझी बहीण. तिथल्या युनिव्हर्सिटीनं बोलावलं असंल. हे लोक शेवटपर्यंत बोलत नाहीत, नजर लागते म्हणून.”

मला रात्रभर तेच. सगळं जुळतं. ऑफिसला न जाणं, कपाटं, लहान खोली थोड्या दिवसांपुरती. मागच्या खोलीचं विचारलं तेही त्यातलंच असणार, जाण्याआधी इथलं काय ते मोकळं करायचं. दिल्ली निदान रेल्वेनं तरी जोडलेली आहे.

सोमवार, ३० मार्च

बारीक धागा लावलाय मशिनीला. दर दोन मिनिटांनी तुटतो. दुसरं काही नाही.

गुरुवार, २ एप्रिल

अंक आला नाही. मार्च संपला, दरवेळी आठवडा आधीच येतो. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला तुझं कधी काय येतं? मी ताईला फोन केला.

“या वेळी काढला नाही.”

“म्हणजे?”

“थांबवलाय.”

“कुणी?”

“आहेत वरचे लोक. एक लेख छापला मी डिसेंबरात, तो काहींना आवडला नाही.”

“मग परत छापायचा, दुसऱ्या तऱ्हेनं.”

ती हसली. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, “तुला संपादक केलं पाहिजे.”

मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, अंक नाही तर मग आखाजीला अडचण काय? आता कुठलं कारण काढणार? आमच्याकडे यायची लाज वाटते का तुला, तसं सांग. हे मी खरंच बोललो, मशिनीसमोर नाही, फोनवर. पहिल्यांदाच.

 ती म्हणाली, “असं कसं उठून येऊ रे मी. कुणी...” आणि थांबली.

“कुणी काय?”

“काही नाही. जेवलास का?”

मी फोन ठेवून दिला. फॉरेनचं विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं तिला, आणि तिला खोटं बोलता येत नाही. दोन देशांचं भांडण झालं की राजदूत परत बोलावतात, पण कचेरी बंद करत नाहीत, असं ती एकदा सांगत होती. शिपाई, माळी, दरवाजाची किल्ली, सगळं तिथंच ठेवतात, कारण कधीतरी परत यायचंच असतं. मी आज फोन ठेवला तेव्हा हे आठवलं. परत लावला. बिझी होता.

रविवार, ५ एप्रिल

सरलामावशीच्या मेसमध्ये आज गोड होतं. मावशी अमळनेरकडची. पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, मुलगा कोसाडला राहतो. आम्ही बाराजण तिच्याकडे जेवतो. आज भाकरी थापता थापता तिचं तोंड उजळलेलं. आप्पांनी विचारलं, “काय, सरलाबाई, लॉटरी?”

“मना भाऊ येवाव शे. अकरा तारखेला. मूळ लावायला, माले माहेरी न्यायला.”

मी म्हणालो, “मावशी, सुरतहून अमळनेर, एका गाडीत बसलं की झालं. भाऊ कशाला पाहिजे? तुम्ही एकट्या बाजारात जाता, पोलिसांशी भांडता.”

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, “तीन वर्षं नही उना व्हता तो. भाडं पाठवायचा. मी काय गेली का? भाड्यावर कोन माहेरी जातं? पैसे तर मना जोडे बी शेत. न्यायला माणूस लागतो, तवा बाई उंबऱ्यातून पाय उचलते. आपलं आपण गेलं की लोक काय म्हणतील? हाकलली असंल. टाकली असंल.” मग मला विचारते, “तुझ्या ताईला कोण जातं आणायला?”

“तिचं लग्न कुठं झालंय, मावशी? सासरच नाही तर मूळ कुठं लावणार?”

“सासर नही म्हनी काय झालं? परमुलखातच राहस ना पोर?”

मी ताट धुऊन खोलीवर आलो. 

पंधरा वर्षं झाली ताईला दिल्लीला जाऊन. घरातलं कुणी एकदाही तिकडं गेलं नाही. गावातल्या सगळ्या मुलींना चैत्र सरत आला की कुणीतरी आणायला जातं, कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता, कुणी नसलं तर शेजारचा पोऱ्या. त्या येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आम्ही दरवर्षी म्हणतो, ताई आली नाही. तिला आणायला कोण गेलं होतं, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. ‘कुणी’ म्हणून ती थांबली, तिथं हेच होतं.

मंगळवार, ७ एप्रिल

ठरवलं. जातो. फॉरेनला जायचं असेल तर जा बाई, पण आधी एक आखाजी घरची कर. मग कुठल्याही देशात राहा. हिश्शाचं बोलली तर बोलू दे, कांदे काय कुठंही ठेवता येतात.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, “वा! राजदूत चालला दिल्लीला. राजदूत फटफटीसारखी किक मारून बघ, चालू होतो का.” मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हळू आवाजात, जो रस्त्यापलीकडे जातो, म्हणाले, “सेठ सुट्टी नाही देणार. लग्नाचा सीझन आहे.”

बुधवार, ८ एप्रिल

सेठनं मान वर केली नाही. “जवुं होय तो जा. मशीन खाली नई रहे.”

म्हणजे मी वळलो की माझ्या चार मशिनींवर दुसरा उभा. आजवर मी इतकी कामं सोडली, एकही सोडताना वाईट वाटलं नव्हतं. ह्या मशिनी मला आवडायच्या. इतकं ऐकून घेतलं त्यांनी.

आईला फोन केला. म्हणालो, ताईला मूळ लावायला दिल्लीला चाललोय.

“येडा व्हयना का तू? ती काय सासुरवाशीण शे?”

“नसेल. पण परमुलखात आहे.”

 मला वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो केलं. मग आईचा आवाज आला, बारीक. “तिले गाडी लागस. खिडकीजोडे बसाड. अन् लिंबू ले जोडे.” मग परत, “तिले सांग, कांदा मी काढी ल्हेस.”

ताईला गाडी लागते हे मी विसरलो होतो. आई विसरली नव्हती. पंधरा वर्षं हे तिनं कुठं ठेवलं होतं?

शुक्रवार, १० एप्रिल

खात्याच्या मागं, जिथं आवाज थोडा कमी असतो तिथून फोन लावला. सरळ सांगितलं. “ताई, मी तुला न्यायला येतोय. मंगळवारी निघतो. तयार राहा.”

रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता तिच्याकडून.

“ताई?”

“हो.”

“अंकाचं सांगू नको.”

“नाही सांगत.” मग, “तू कशाला येतोस, हेम्या? तुझं काम...”

“न्यायला माणूस लागतो ना.”

ती रडत होती का सर्दी झाली होती मला कळलं नाही. दिल्लीत म्हणे हवा खराब असते. मग तिनं अगदी तिच्या ऑफिसच्या आवाजात विचारलं, “सामान किती आणलं तर चालेल?”

“आखाजीला किती सामान लागतं? एक पिशवी. फार तर दोन.”

“पुस्तकं आहेत थोडी. नऊ खोकी.”

“नऊ?”

“तरी कमी केलीत. भांडी आहेत. गादी नाही आणत.”

मी म्हणालो आण सगळं, रेल्वेच्या पार्सलला टाकू. मला सगळं लक्षात आलं होतं. विमानात किलोवर पैसे घेतात, नऊ खोकी कोण नेणार? परत येईपर्यंत घरी ठेवायची असतील. तसं तिला लाजवलं नाही. फक्त म्हणालो, “किती वर्षांसाठी, ते मला नंतर सांग. आत्ता नको.”

ती म्हणाली, “बरं. नंतर सांगते.” आणि मग, “मागच्या खोलीच्या भिंतीवर नकाशा आहे का रे अजून?”

“अर्धा. आफ्रिकेपर्यंत उंदरांनी खाल्ला.”

“राहू दे. काढू नका.”

सोमवार, १३ एप्रिल

पगार परवाच घेतला. सेठनं बारा दिवसांचा कापला, सीझनमध्ये सोडतो म्हणून. माझ्या मशिनीवर ओडिशाचा एक पोरगा आला. त्याला दाखवून ठेवलं, तीन नंबरचा धोटा डावीकडून अडतो, जोरानं ढकलायचा नाही. बोलून काही ऐकू येईना, हातानंच दाखवलं. तो मान हलवत होता. निघताना मी त्याला म्हणालो, भांडायचं असेल तर इथं भांड, छान भांडता येतं. तो हसला, काही कळलं नाही त्याला.

आप्पांनी स्वतःची नवी चादर दिली, गाडीत अंथरायला. म्हणाले, “परत आणायची. राजदूत गेला म्हणून माल जप्त करू नको.” सरलामावशीनं येताना ताईला एक दिवस तिच्याकडे ठेवायचं कबूल करून घेतलं. ताई सुरतला कधीच आली नाही. तिला मी काय दाखवणार इथं? खातं दाखवीन, लांबून. वास मारणारी खाडी दाखवणार नाही. उधन्याहून तापी लाइनची पॅसेंजर पकडायची, शिंदखेड्याला उतरायचं, तिथून रिक्षा. ती खिडकीत, मी खोक्यांवर.

उद्या सकाळची गाडी आहे. तिकीट जनरलचं. मी ताईला काय बोलायचं ते पाठ करतोय, पण भांडणाचं एकही वाक्य आठवत नाही. नुसतं तिच्या दाराशी उभा राहिलेला मी दिसतो, आणि ती दार उघडते, आणि मला ती आधीपेक्षा बुटकी वाटते. एवढ्या वर्षांत मी उंच झालो, दुसरं काय.

जायचं एकाचं भाडं, यायचं दोघांचं, आणि पार्सलचे जे लागतील ते बाजूला काढले. तिथं तिच्या हातातून एक रुपयाही खर्च होऊ द्यायचा नाही, मूळ लावायला आलेला भाऊ आहे मी. लिंबं घेतली. उरलेले आईला पाठवून दिले. दर महिन्याला सात हजार पाठवतो. आईला म्हणालो, या वेळी कमी आहेत. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पोर येवाव शे ना.”

पाठवले: रुपये अठराशे.